शटरवरची लक्ष्मी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाच्या कानाला काही आवाज जन्मापासून ओळखीचे असतात. गल्ल्यातल्या नाण्यांचा, तराजूच्या पारड्याचा, आणि सकाळी शटर वर जाताना होणाऱ्या खडखडाटाचा. दोन्ही बाजूंची कुलपे काढावीत, वाकून उंबऱ्याला हात लावून तो कपाळाशी न्यावा, पत्रा उचलावा आणि वरच्या गुंडाळीतल्या स्प्रिंगने पुढचा भार आपल्याकडे घ्यावा, हा पेढीच्या दिवसाचा पहिला विधी. रात्री आकडीच्या काठीने शटर खाली ओढले की त्या दिवसाचे देणेघेणे संपले. या वस्तूकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. ती बाजूला सारून आतले पाहायचे असते. गंज चढला तर रंगाचा एक हात, आवाज वाढला तर थोडे ग्रीस, एवढीच तिची वास्तपुस्त.

या दुर्लक्षित पत्र्यावर चित्र काढावे, आणि ते चित्र लंडन-न्यूयॉर्कच्या कलादालनांपर्यंत न्यावे, असे मुंबईतल्या एका चित्रकाराला वाटले. त्यांचे नाव अतुल डोडिया. चित्रकार हा शब्द त्यांच्यासाठी तोकडा पडतो. तैलरंग, जलरंग, शटर, लाकडी कपाटे, छायाचित्रे, छापचित्रे, संगमरवराची भुकटी, रस्त्यावर सापडलेल्या वस्तू, कवितांच्या ओळी अशा सगळ्यांतून त्यांचे काम घडत आले आहे. त्या कामात बाजारपेठेचे, गुजराती घराचे आणि अहिंसेच्या प्रश्नाचे जे दर्शन घडते, ते व्यापारी कुटुंबांनी जवळून पाहावे असे आहे. त्यात अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे आणि मान खाली घालायला लावणारेही थोडे आहे.

डोडिया यांचा जन्म 1959 साली मुंबईत झाला. मुळे काठियावाडातली, वाढ घाटकोपरची. ज्यांनी घाटकोपर पाहिले आहे त्यांना या एका नावातच बरेच काही कळते. स्टेशनाबाहेरची फरसाणाची दुकाने, गुजराती पाट्या, देरासरे आणि उपाश्रय, एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, आणि त्यांच्या तळमजल्यावर ओळीने शटरे. कलावंताला नाव मिळाले की तो उपनगर सोडून शहराच्या दक्षिणेकडे सरकतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. डोडिया घाटकोपरलाच राहिले आणि तिथेच त्यांनी आपली चित्रशाळा थाटली. ज्या वस्तीने डोळ्यांना वळण लावले तिच्यातच राहून काम करायचे, हा निर्णय त्यांच्या कलेच्या दृष्टीने मोठ्या भाग्याचा ठरला.

1982 मध्ये सर ज. जी. कलामहाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. तो काळ असा होता की चित्रकला शिकतो म्हटल्यावर नातेवाईक पुढचा प्रश्न हमखास विचारत, आणि मग धंदा कोणता करणार? हा प्रश्न आजही आपल्या घरांतून विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचे सर्वस्वी चुकते असेही नाही. उधारीवर चाललेला हंगाम ज्याने पाहिला आहे, त्याला अनिश्चिततेची किंमत ठाऊक असते. मात्र व्यापारात नव्या दुकानाला चार-पाच वर्षे जम बसण्यासाठी दिली जातात, तशी मुदत हातात कुंचला धरणाऱ्या मुलाला द्यायची कोणाला सुचत नाही. डोडिया यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन पदवीनंतर सात वर्षांनी, 1989 मध्ये, मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये झाले.

या गॅलरीविषयी दोन वाक्ये लिहायलाच हवीत. केकू गांधी या पारशी गृहस्थांनी 1941 साली चित्रांच्या चौकटी बनवण्याचा कारखाना काढला. त्याचे नाव केमिकल मोल्डिंग, त्याचेच संक्षिप्त रूप केमोल्ड. चौकट विकत घेण्यासाठी चित्रकार येत. त्यांची चित्रे चौकटीत बसवून दुकानात लावली जाऊ लागली. आणि 1963 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांचे स्वतंत्र कलादालन उभे राहिले. आधुनिक भारतीय चित्रकलेतल्या कितीतरी मोठ्या नावांना त्या दालनाने आधार दिला. चौकटीच्या धंद्यातून हे घडले, ही गोष्ट व्यापाऱ्याने विसरू नये.

सुरुवातीची डोडिया यांची चित्रे शांत, मोजकी आणि वास्तवदर्शी होती. मध्यमवर्गीय घराच्या खोल्या, ओळखीची माणसे, बरीचशी रिकामी जागा. पुढे फ्रान्स सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1991-92 मध्ये ते पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत राहिले. पुस्तकातल्या छोट्या छापील चित्रांवरून ज्यांचा अभ्यास केला होता, त्या महान चित्रकारांच्या मूळ कृती समोर आल्या. परतल्यावर त्यांची शैली पालटली. एका चित्रात एकच गोष्ट, एकच शैली हा दंडक त्यांनी सोडून दिला. सिनेमाचे पोस्टर, देवाचे कॅलेंडर, युरोपातल्या एखाद्या मातब्बर चित्रकाराची आठवण आणि घरातला एखादा जुना फोटो एकाच पृष्ठभागावर शेजारी शेजारी नांदू लागले.

1994 सालचे ‘द बॉम्बे बकॅनियर’ हे चित्र याचा नमुना. ‘बाजीगर’ या चित्रपटाच्या पोस्टरच्या धर्तीवर डोडिया यांनी स्वतःलाच नायक म्हणून रंगवले. डोळ्यांवर काळा चष्मा आहे. त्याच्या एका काचेत डेव्हिड हॉकनी हा इंग्रज चित्रकार दिसतो आणि दुसऱ्या काचेत भूपेन खख्खर. खख्खर बडोद्याचे, पेशाने हिशेबनीस. दिवसा हिशेबाच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात चित्रे काढणारे. शिंपी, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी साधी माणसे त्यांनी चित्रांत आणली. डोडिया यांनी त्यांना आपल्या चष्म्यात बसवले, म्हणजे आपण कोणाच्या नजरेतून पाहायला शिकलो याची जाहीर पावतीच दिली. उसनवारी लपवायची नाही, खात्यावर मांडायची, हा प्रामाणिकपणा त्यांच्या पुढच्या साऱ्या कामात आहे. एक दोषही येथेच सांगून टाकावा. काही चित्रांत हे संदर्भ इतके दाटीने येतात की ज्याने ती सर्व मूळ चित्रे पाहिलेली नाहीत तो उंबऱ्यावरच थबकतो. शटरांच्या बाबतीत असे होत नाही. शटर कोणालाही कळते.

शटरांकडे वळण्याआधी त्या दिवसांची आठवण करावी लागते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत मुंबई दंगलींनी होरपळली. त्यानंतर 12 मार्च 1993 रोजी साखळी बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजाराची इमारत, धान्याचा कथ्था बाजार, झवेरी बाजार ही त्या दिवशी हादरलेली ठिकाणे होती. आपल्या समाजातल्या किती कुटुंबांचे दैनंदिन आयुष्य त्या तीन नावांशी बांधलेले होते, हे येथे वेगळे सांगायला नको. त्या महिन्यांत मुंबईचे चित्र म्हणजे बंद शटरांची रांग. एरवी विश्रांतीची खूण असलेला तो पत्रा भीतीची खूण झाला. शटर खाली असणे म्हणजे शहराचा श्वास अडकणे. अर्ध्यावर ओढलेले शटर म्हणजे मालकाने एक कान रस्त्याकडे लावून आत बसून राहणे.

या शतकाच्या आरंभी डोडिया यांनी खरीखुरी शटरे करवून घेतली आणि पाट्या रंगवणारे कारागीर वापरतात त्या एनॅमल रंगांनी त्यांवर चित्रे काढली. 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात ‘सेंचुरी सिटी’ नावाचे मोठे प्रदर्शन भरले होते. विसाव्या शतकातली नऊ शहरे त्यासाठी निवडली होती आणि त्यांत 1992 ते 2001 या काळातली मुंबई होती. गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी मांडलेल्या त्या मुंबई विभागात डोडिया यांची शटरे होती. त्यांची रचना समजून घ्यायला कोणत्याही कलाशास्त्राची गरज नाही. शटर खाली असते तेव्हा त्यावर एक चित्र दिसते. ते वर सरकवले की हे चित्र पन्हळीपन्हळीने गुंडाळत नाहीसे होते आणि मागच्या फळीवर रंगवलेले दुसरे चित्र उघडे पडते. प्रेक्षकाने एका वेळी एकच पाहावे, आणि दुसरे आहे हे ठाऊक असावे.

अनेकान्ताचा संस्कार लहानपणापासून ज्यांच्यावर झाला आहे, त्यांना या रचनेपुढे उभे राहताना पाठशाळेतली हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. ही जोड वाचकाची, चित्रकाराची नव्हे. पण ती मनात आली की सहज पुसता येत नाही. वर दिसते ते खोटे नसते. आत दिसते तेही खोटे नसते. ‘स्यात्’ हा शब्द आपल्याकडे प्रवचनांत पुष्कळ ऐकू येतो. पत्र्याच्या खडखडाटासह तो अनुभवाला यावा असा प्रसंग विरळा.

या शटरांपैकी एकाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. 2002 सालच्या त्या कामाचे नाव आहे ‘महालक्ष्मी’.

शटर बंद असताना त्यावर देवी लक्ष्मी आहे. दिवाळीला चोपडापूजनाच्या पाटावर मांडतो, गल्ल्यामागच्या भिंतीवर लावतो, नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ग्राहकांना वाटतो, त्याच कुळातली. लक्ष्मीची अशी प्रतिमा घरोघरी नेली ती छापखान्यांनी. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाप्रेस सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलवला. त्या प्रेसच्या तसबिरींपासून देवांचे हे बाजारातले रूप सर्वत्र रूढ झाले. व्यापाऱ्याला त्या प्रतिमेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शुभ आणि लाभ या दोन शब्दांच्या मध्ये ती उभी असते.

शटर वर जाते. आत तीन मुली आहेत. सख्ख्या बहिणी. आईवडिलांना आपल्या हुंड्याची चिंता नको म्हणून तिघींनी एकत्र आयुष्य संपवले, ही वर्तमानपत्रात छापून आलेली घटना डोडिया यांनी तेथे रंगवली आहे. त्या मुली कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, याचा शोध घेऊन स्वतःला वेगळे काढण्याची सोय चित्र ठेवत नाही. लक्ष्मी पुन्हा खाली ओढली की मुली झाकल्या जातात. ओढणाऱ्याचा हात प्रेक्षकाचाच.

धर्मप्रतिमेचा असा वापर करावा का, असा प्रश्न कोणी श्रद्धाळू विचारील. त्याचा तो अधिकार आहे. परंतु देवीच्या चेहऱ्यावर चित्रकाराने एकही वाकडी रेघ ओढलेली नाही. तिचे रूप मंगलच आहे. तिच्यामागे जे लपवले गेले ते तिने लपवलेले नाही. मुलगी जन्मली की घरात लक्ष्मी आली असे आपण म्हणतो, आणि तीच लक्ष्मी घराबाहेर पाठवताना तिच्याबरोबर किती लक्ष्मी द्यावी लागेल याचे गणित तिच्या बालपणापासून मांडत बसतो. हे दोन्ही व्यवहार एकाच जिभेने, एकाच घरात होतात. चित्र तेवढेच दाखवते.

हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून आहे. ‘हुंडा’ हा शब्द आता सुशिक्षित घरांत उच्चारलाही जात नाही. त्याच्या जागी ‘तुमच्या हौसेने’, ‘आमचे काही मागणे नाही, पण समाजात शोभेल असे’, ‘लग्न मात्र चांगल्या हॉलमध्ये’ अशी मृदू वाक्ये आली आहेत. तोलाचे सोने, गाडी, नव्या जोडप्याच्या नावे फ्लॅट, आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात चांदीची भेट. ज्याला परवडते तो आनंदाने करतो, आणि त्याच्या आनंदाने मध्यम परिस्थितीच्या शेजाऱ्याचा भाव ठरतो. बाजारात असेच होते. एक मोठा सौदा दिवसाचा दर ठरवून जातो. परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत ज्या समाजाला परंपरेने मिळाले आहे, त्या समाजाची लग्ने गावात सर्वांत खर्चिक म्हणून ओळखली जावीत, याला काय म्हणावे? सामुदायिक विवाह, पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा, ताटातल्या पदार्थांवर मर्यादा असे ठराव अनेक ठिकाणच्या संघांनी केले आहेत. ते पाळणारी कुटुंबेही आहेत, आणि त्यांना टोमणे सहन करावे लागतात हेही खरे आहे. ‘महालक्ष्मी’ हे शटर कोणत्याही ठरावाहून अधिक काळ मनात राहते, कारण ते उपदेश करत नाही. ते वर जाते आणि खाली येते.

डोडिया यांच्या कामात दुसरा मोठा प्रवाह गांधीजींचा आहे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होऊन गेल्यावर, 1999 मध्ये, त्यांनी ‘ॲन आर्टिस्ट ऑफ नॉन-व्हायोलन्स’ या नावाने गांधीजींच्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन मुंबईत मांडले. जुन्या छायाचित्रांवरून उचललेले प्रसंग, मोठाले कागद, आणि त्यांवर पातळ, ओलसर रंगांत उमटलेली ती किडकिडीत आकृती. पुतळ्यांतून आणि नोटांवरून दगडासारखा घट्ट झालेला महात्मा या कागदावर पुन्हा हलका होतो, चालू लागतो. जलरंग हे माध्यम फार कठोर असते. एकदा पडलेला रंग मागे घेता येत नाही, चूक झाकता येत नाही. सत्याचे प्रयोग करणाऱ्या माणसासाठी याहून योग्य माध्यम कोणते असते? अहिंसेला कला म्हणणे आणि अहिंसा आचरणाऱ्याला कलावंत म्हणणे, ही त्या शीर्षकातली कल्पना तर विचार करायला लावणारीच आहे. कलावंताला रोज सराव करावा लागतो. अहिंसा हा आपला वारसा आहे असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांना ही गोष्ट थोडी बोचावी.

गांधीजींच्या अहिंसेच्या घडणीत एका जैन जवाहिऱ्याचा वाटा होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तरी या संदर्भात त्याचे स्मरण उचित ठरेल. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत परतलेल्या तरुण गांधींची डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याकडे श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. रायचंदभाई हिरेमोत्यांच्या पेढीवर बसत. लाखोंचा सौदा पुरा होताच हातात धर्मग्रंथ किंवा आत्मचिंतनाची वही घेणाऱ्या या व्यापाऱ्याचे वर्णन गांधीजींनी आत्मकथेत मोठ्या आदराने केले आहे. पेढी आणि साधना यांत भिंत नसते, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. ज्या मणिभवनात गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईत उतरत, ते गावदेवीचे घरही झवेरी कुटुंबाचे, रेवाशंकर जगजीवन यांचे. डोडिया यांचे काठियावाड, त्यांची मुंबई आणि त्यांचा ‘बापू’ हे सगळे अशा रीतीने आपल्या पेढ्यांच्या इतिहासात गुंतलेले आहे. त्यांच्या एका शटराचे नावही ‘बी फॉर बापू’ असेच आहे, मुलांच्या अंकलिपीतल्यासारखे.

2002 मध्ये गुजरातेत दंगली झाल्या. त्यानंतरचे डोडिया यांचे काम म्हणजे ‘ब्रोकन ब्रांचेस’, मोडलेल्या फांद्या. यात भिंतीवरचे चित्र बाजूला राहिले आणि नऊ लाकडी कपाटे उभी राहिली. काचेची दारे, आतून फळ्या, जुन्या शाळेत किंवा दवाखान्यात असतात तशी. त्यांची कल्पना पोरबंदरच्या कीर्तिमंदिरातल्या कपाटांवरून सुचलेली. गांधीजींच्या जन्मघराला लागून उद्योगपती नानजी कालिदास मेहता यांनी बांधलेल्या या वास्तूत बापूंच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. डोडिया यांच्या कपाटांत काय आहे? हाताने रंगवलेली छायाचित्रे, अवजारे, हाडे, पक्ष्याची आठवण देणारे तुकडे, आणि वापरलेले कृत्रिम अवयव. कोणा अनोळखी माणसाचा लाकडी पाय, कोणाचा हात. जणू या देशाच्या शरीरातून जे तुटले ते कोणीतरी वेचून, पुसून, फळीवर मांडून ठेवले आहे.

कृत्रिम पाय या वस्तूशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने 1975 पासून लक्षावधी गरजूंना पाय दिले, आणि तशी शिबिरे गावोगावच्या संघांनी भरवली. शिबिरात पाय मोजला जातो, बसवला जातो, माणूस उभा राहतो, फोटो निघतो. ती वस्तू दानाची, उभारीची खूण होते. डोडिया यांच्या कपाटात मात्र पाय आहे आणि माणूस नाही. जयपूर फूट शिबिराच्या आठवणीसह जो हे कपाट पाहील त्याला त्यातली रिकामी जागा अधिक स्पष्ट दिसेल.

हीच कपाटे 2019 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त मांडलेल्या भारताच्या दालनात ठेवली गेली. नंदलाल बोस यांनी 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली चित्रे त्याच दालनात होती. नंदलालबाबूंच्या चित्रांत सुतार, शिंपी, ढोलकी वाजवणारा, गवळण असा कामात दंग असलेला हसता भारत आहे. आणि त्यांच्या सोबतीला ही मूक कपाटे.

मधल्या वर्षांतल्या पुष्कळ कामांचा येथे उल्लेखच करता येईल. ‘अँटलर अँथॉलॉजी’ या मालिकेत समकालीन गुजराती कविता चित्रांचा भाग म्हणून आल्या आणि 2007 साली जर्मनीतल्या कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडल्या गेल्या. देशोदेशीच्या प्रेक्षकांपुढे आपली लिपी भाषांतराची क्षमा न मागता उभी राहिली, याचे घरात गुजराती बोलणाऱ्यांना विशेष वाटावे. सिंगापूरच्या छापचित्र संस्थेत त्यांनी नंदलाल बोस यांच्या शबरीवरून कागदाच्या लगद्यातून प्रतिमा घडवल्या. विवाहातल्या सप्तपदीवरही एक मालिका आहे. त्यांच्या पत्नी अंजू डोडिया याही स्वतंत्र कीर्तीच्या चित्रकार आहेत. एका घरात दोन चित्रकार, आणि दोघांच्या चित्रांत परस्परांची छाया शोधूनही सापडू नये, हे त्या घराचे वैशिष्ट्य.

2011 चे ‘बको’ मात्र असे पळत पळत सांगून चालणार नाही. गुजराती कवी लाभशंकर ठाकर यांच्या ‘बको छे. कल्पो’ या लेखनात बको नावाचा एक मुलगा झोपेत बापूंना भेटतो. दोघे गप्पा मारतात. राष्ट्रपिता, सत्याग्रह असे मोठे शब्द बाजूला राहतात. एक खट्याळ मुलगा आणि एक म्हातारा, असा तो संवाद. डोडिया यांनी त्यावरून चित्रे केली ती शाळेच्या काळ्या फळ्यासारखी: काळपट पृष्ठभाग, त्यावर खडूने लिहावी तशी पांढरी अक्षरे, मधूनच एखादी आकृती. फळ्यावर लिहिलेले पुसले जाणारच असते, म्हणून ते वाचताना एक प्रकारची घाई होते. मुलांना दोन ऑक्टोबरच्या भाषणांपेक्षा बको अधिक आवडेल यात शंका नाही, आणि बहुधा बापूंनाही आवडला असता.

यानंतर 2014 मध्ये त्यांनी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आपले काम मांडले. हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. 1872 साली लोकांसाठी उघडले गेले, आणि जगन्नाथ शंकरशेट व डेव्हिड ससून यांच्यासारख्या व्यापारी धुरीणांचा त्याच्या उभारणीला हातभार होता. डोडिया यांच्या मांडणीचे नाव होते ‘सेव्हन थाउजंड म्युझियम्स’, आणि उपशीर्षक, भारतीय प्रजासत्ताकासाठी एक प्रकल्प. देशातल्या लहानमोठ्या प्रत्येक शहराला स्वतःचे एक संग्रहालय असावे, अशी सात हजार संग्रहालये, ही त्यामागची कल्पना. त्यांनी ती सरकारदरबारी अर्जासारखी न मांडता चित्रांत आणि काचेच्या कपाटांत मांडली.

कल्पना स्वप्नवत वाटते खरी. पण पाटण आणि जैसलमेरचे ज्ञानभांडार कोणी सांभाळले? सोन्याच्या शाईने कल्पसूत्राच्या पोथ्या लिहवून घेणारे, त्यांत निळ्या-तांबड्या रंगांची चित्रे काढवून त्या गुरूंना अर्पण करणारे श्रेष्ठी हे धान्याचे, कापडाचे, जवाहिराचे व्यापारीच होते. पोथीच्या अखेरीस प्रशस्तीत त्यांची, त्यांच्या मातापित्यांची, पत्नीची नावे आजही वाचता येतात. अबूच्या लूणवसहीतले संगमरवराचे कमळ वस्तुपाल-तेजपाल या बंधूंच्या धनातून 1230 च्या सुमारास फुलले.

नगर, लातूर, बार्शी, सांगली, कराड अशा गावांत जुनी पेढी बंद करून नवे दुकान काढताना माळ्यावरून काय काय खाली येते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनी आठवावे. लाल कापडात बांधलेल्या मोडी आणि गुजराती वह्या. हुंड्यांचे कागद. पितळी तराजू आणि वजनांची उतरंड, त्यांत छटाकाचे हरवलेले. आजोबांनी पालिताण्याच्या यात्रेहून आणलेला पट. सासरी आलेल्या पणजीच्या रुखवताची यादी, शेवटी वडिलांची सही. यातले बहुतेक त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते, किलोच्या भावाने. एखादे काचेचे कपाट, चार फळ्या आणि प्रत्येक वस्तूखाली स्वच्छ अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी, इतक्यावर डोडिया यांच्या सात हजारांपैकी एक संग्रहालय उभे राहू शकते. जागाही हाताशी असते. जुन्या पेढीचे ते शटर अजून तेथेच आहे.